महाराष्ट्राची शहरे नेमकी कुठे वाढली?

२०११ च्या जनगणनेच्या कोष्टकात कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार दिली आहे आणि २००१ च्या कोष्टकात ती ११ लाख ९३ हजार होती, म्हणजे एका संपूर्ण दशकात या शहरात जेमतेम साडेचार टक्क्यांची भर पडली असे दिसते. याच दहा वर्षांत शेजारचे ठाणे शहर सुमारे ४६ टक्क्यांनी आणि नवी मुंबई सुमारे ५९ टक्क्यांनी वाढली होती. तेव्हा त्यांच्याहून स्वस्त घरांचे कल्याण-डोंबिवली मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिले, हे डोंबिवली स्थानकावर सकाळची जलद लोकल पकडणाऱ्या कोणालाही पटणार नाही. या आकड्यामागचे कारण लोकांच्या येण्याजाण्यात नसून शासनाच्या एका निर्णयात आहे. २००२ मध्ये २७ गावे महापालिकेतून वगळण्यात आली, त्यामुळे २००१ मध्ये शहरवासी म्हणून मोजले गेलेले तेथील रहिवासी २०११ मध्ये शहराच्या खात्यातून बाहेर गेले, आणि पुढे २०१५ मध्ये ती गावे पुन्हा महापालिकेत आणली गेली. घरे, चाळी आणि इमारती होत्या तिथेच राहिल्या. हद्द मात्र दोनदा सरकली. महाराष्ट्रातील शहरांच्या लोकसंख्यावाढीचा विचार करताना हा दाखला अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण गेल्या अर्धशतकात राज्यातील नागरी वाढीचा मोठा भाग शहरांच्या काठावर आणि हद्दीच्या लगेच पलीकडे झाला आहे आणि त्यामुळे शहर किती वाढले हा प्रश्न शहराची हद्द कुठे आखली आहे या प्रश्नाशी कायमचा बांधला गेला आहे.

मुळात शहर कशाला म्हणायचे, याचे उत्तर भारतीय जनगणना दोन प्रकारे देते. एखाद्या ठिकाणी महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ कायद्याने स्थापन झालेले असेल, तर तेथील लोकसंख्या कितीही असली तरी ते ठिकाण शहर धरले जाते. अशा शहराला वैधानिक शहर म्हणतात. अशी कोणतीही संस्था नसली तरी ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,००० आहे, जेथे दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात आणि जेथील मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामांवर जगतात, त्या गावालाही जनगणना कार्यालय आपल्या हिशेबापुरते शहर मानते आणि त्याला जनगणना शहर असे नाव देते. या दुसऱ्या प्रकारातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे, कारण अशा ठिकाणी राहणारा माणूस दिल्लीच्या नोंदीत शहरी असतो, पण त्याचा कारभार ग्रामपंचायत पाहते. एकमेकांना लागून असलेली शहरे आणि त्यांच्या काठावरची वस्ती मिळून जो सलग पट्टा तयार होतो त्याला नागरी समूह म्हणतात. बृहन्मुंबईची महापालिका आणि बृहन्मुंबईचा नागरी समूह या दोन वेगळ्या गोष्टी असून २०११ मध्ये पहिलीची लोकसंख्या १ कोटी २४ लाख तर दुसऱ्याची १ कोटी ८४ लाख होती, आणि वर्तमानपत्रांतून या दोन आकड्यांची सर्रास अदलाबदल होते.

शेतीबाहेरच्या कामांची अट १९६१ च्या जनगणनेपासून कडकपणे लावली गेली आणि तिचा परिणाम मजेदार झाला. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात ३८३ शहरे मोजली गेली होती, ती १९६१ मध्ये २६६ वर आली, आणि नागरी लोकसंख्येचे प्रमाण २८.७५ टक्क्यांवरून २८.२२ टक्क्यांपर्यंत खाली घसरले. त्या दशकात मुंबईची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक वाढली होती, पुण्याभोवती नवे कारखाने उभे राहू लागले होते, आणि तरीही राज्य कागदावर किंचित अधिक ग्रामीण झाले, कारण शंभराहून अधिक बाजारगावांचे शहरपण नव्या व्याख्येने काढून घेतले.

त्यानंतर मात्र आलेख सतत चढता आहे. नागरी लोकसंख्येचे प्रमाण १९७१ मध्ये ३१ टक्के, १९८१ मध्ये ३५ टक्के, १९९१ मध्ये सुमारे ३९ टक्के, २००१ मध्ये ४२.४ टक्के आणि २०११ मध्ये ४५.२ टक्के असे वाढत गेले. २०११ मध्ये राज्याच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी ५ कोटी ८ लाख लोक शहरांत राहत होते आणि देशातील कोणत्याही राज्याची नागरी लोकसंख्या संख्येने एवढी मोठी नव्हती, जरी प्रमाणाच्या दृष्टीने मोठ्या राज्यांत तमिळनाडू आणि केरळ महाराष्ट्राच्या पुढे होते आणि शेजारचा छोटा गोवा ६२ टक्क्यांवर पोहोचला होता. प्रमाण वाढत असताना वाढीचा वेग मात्र मंदावतो आहे, हे सहसा नजरेआड होते: १९९१ ते २००१ या दशकात राज्याची नागरी लोकसंख्या साडेचौतीस टक्क्यांनी वाढली होती, तर पुढच्या दशकात ती साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास वाढली.

राज्याची सरासरी आणखी एका बाबतीत फसवी आहे. मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि त्या वेळचा अविभाजित ठाणे हे तीन जिल्हे हिशेबातून काढले, तर उरलेल्या महाराष्ट्राचे नागरी प्रमाण २०११ मध्ये साधारण एक-तृतीयांश एवढेच उरते, म्हणजे त्या वेळच्या ३१ टक्क्यांच्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा थोडेसेच अधिक. मुंबई आणि पुणे या दोन नागरी समूहांत मिळून राज्याचे ४६ टक्के शहरवासी राहत होते, तर गडचिरोली जिल्ह्यात शंभरातील जेमतेम अकरा माणसे शहरात होती. महाराष्ट्र हे नागरीकरणात पुढारलेले राज्य आहे हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे. खरे तर पश्चिमेकडील मुंबई-पुणे-नाशिक हा पट्टा पुढारलेला आहे आणि बाकीचे राज्य देशाच्या सरासरीबरोबर चालले आहे.

शहराची लोकसंख्या चार वाटांनी वाढते. शहरात जन्मांची संख्या मृत्यूंपेक्षा जास्त असते, ती नैसर्गिक वाढ. बाहेरून येणारे लोक जाणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, ती स्थलांतराने होणारी वाढ. महापालिका शेजारची गावे आपल्यात घेते, ती हद्दवाढ. आणि एखादे गावच शहराच्या व्याख्येत बसू लागते, ती पुनर्वर्गीकरणाने होणारी वाढ. सार्वजनिक चर्चेत यांपैकी दुसऱ्याच वाटेचा गाजावाजा होतो आणि शहराच्या प्रत्येक दुखण्याचे खापर परगावाहून किंवा परप्रांतातून आलेल्यांवर फोडले जाते. देशपातळीवरील अभ्यास मात्र असे दाखवतात की नागरी वाढीतील सर्वांत मोठा वाटा आजवर नैसर्गिक वाढीचा राहिला आहे. स्थलांतर करणारे बहुधा तरुण असतात, त्यांची मुले शहरात जन्माला येतात आणि ती स्थलांतरित म्हणून नव्हे तर शहरवासी म्हणून मोजली जातात, हे त्याचे एक कारण. नैसर्गिक वाढीची ही वाटही आता अरुंद होत चालली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ एवढा आढळला. लोकसंख्या दीर्घकाळ आहे तेवढीच टिकण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. पुढील काळात शहरे वाढतील ती अधिकाधिक प्रमाणात उरलेल्या तीन वाटांनीच.

मुंबईचा इतिहास या वाटांचे स्वरूप काळानुसार कसे पालटते हे दाखवतो, आणि तो सरळ चढत्या रेषेचा इतिहास नाही. १८६४ च्या गणनेत मुंबईत ८,१६,५६२ लोक नोंदले गेले होते, कारण अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला होता आणि पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध १८६५ मध्ये संपताच तेजी कोसळली, आणि १८७२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ एवढी भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी झाली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या कापड गिरणीनंतर गिरण्यांची संख्या वाढत गेली, तसे शहर पुन्हा भरले आणि १८९१ मध्ये ते ८,२१,७६४ पर्यंत गेले. १८९६ मध्ये प्लेग आला, लोक हजारोंनी गावाकडे पळाले, आणि १९०१ च्या जनगणनेत पुन्हा घट नोंदली गेली. पण १९११ पर्यंत आकडा पावणेदहा लाखांच्या पुढे गेला होता. शहर भरणे आणि ओसरणे यांचे कारण दोन्ही वेळा एकच होते: रहिवाशांपैकी बहुतेकांचे घर मुंबईत नव्हते, तिथे त्यांचे फक्त काम होते.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. कोकणातील रत्नागिरी तसेच सातारा आणि घाटमाथ्यावरील इतर भागांतून आलेला गिरणी कामगार परळ-लालबागच्या चाळीत इतर गाववाल्यांबरोबर एका खोलीत राही, खानावळीत जेवी, पाळीप्रमाणे झोपे आणि गावाकडे मनीऑर्डर पाठवी. शेती, बायको आणि म्हातारे आईवडील गावीच असत. याचा दुसरा चेहरा कोकणात आजही मोजता येतो. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२ आणि उपनगर जिल्ह्यात ८६०. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. पूर्वी एकटा पुरुष जाई, आता गणपती-शिमग्याला परतण्यापुरते घर ठेवून सारे कुटुंबच जाते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या वाढीचे केंद्र उत्तरेकडे सरकले. १९५० मध्ये पहिल्यांदा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत दुसऱ्यांदा हद्द वाढवून आजची बृहन्मुंबई तयार झाली, आणि १९५१ मध्ये तीस लाखांच्या आसपास असलेली या क्षेत्राची लोकसंख्या १९७१ मध्ये ५९ लाख ७१ हजार, १९८१ मध्ये ८२ लाख ४३ हजार आणि २००१ मध्ये १ कोटी १९ लाख ७८ हजार झाली. नंतरच्या दशकात मात्र ती केवळ ३.९ टक्क्यांनी वाढली. याहून बोलका आकडा कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मूळ बेटाचा, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याचा आहे. तेथे १९७१ मध्ये ३० लाख ७० हजार लोक राहत होते, १९८१ मध्ये ३२ लाख ८५ हजार, २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार आणि २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. चाळीस वर्षांच्या धामधुमीनंतर बेटाची लोकसंख्या पुन्हा जिथल्या तिथे आली. ज्या चाळीस वर्षांत मुंबईत माणसांचे लोंढे येतात अशी ओरड सर्वांत जास्त झाली, त्याच वर्षांचा हा हिशेब आहे.

बेट ओसरण्याची कारणे लोकसंख्याशास्त्रापेक्षा जमिनीच्या बाजारात सापडतात. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी पुकारलेल्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे चालू झाल्या नाहीत, आणि गिरण्यांची जमीन ही गिरण्यांपेक्षा मोलाची ठरली. त्या जमिनीवर कार्यालये, मॉल आणि उंच इमारती आल्या. जिथे दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहत, तिथे प्रशस्त सदनिकांत तीन-चार माणसे राहू लागली आणि काही सदनिका तर गुंतवणूक म्हणून कुलूपबंदच राहिल्या. चाळीतील कुटुंबात मुलांची लग्ने झाली की खोली पुरेनाशी होई आणि थोरला मुलगा डोंबिवलीला, धाकटा विरारला जाई. मुंबईने माणसे बाहेर ढकलली आणि रेल्वेने ती वाहून नेली. बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या मार्गावर धावली, त्याच मार्गावर आणि त्याच्या फाट्यांवर आज मुंबईतील कामगारवर्गाची घरे आहेत.

२००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटत असताना ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेला आणि देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ मध्ये त्याचे विभाजन करून पालघर जिल्हा वेगळा काढावा लागला. या जिल्ह्यातील शहरांचे मूळ एकसारखे नाही. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवल्यामुळे जन्माला आले आणि १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, म्हणजे त्याची वाढ एका राजकीय आपत्तीतून झाली. भिवंडी यंत्रमागांवर वाढली. मीरा-भाईंदर १९९१ मध्ये पावणेदोन लाखांचे होते, ते २००१ मध्ये ५ लाख २० हजारांचे आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांचे झाले, आणि त्यामागे घरांच्या किमतीखेरीज दुसरे मोठे कारण शोधावे लागत नाही. वसई-विरारची गोष्ट पुन्हा हद्दीपाशी येऊन थांबते: वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदांची २००१ मधील एकत्र लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आत होती, तर २०११ मध्ये वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार नोंदली गेली; पण मधल्या काळात, २००९ मध्ये, या चार नगरपरिषदांबरोबर ५३ गावे जोडून महापालिका स्थापन झाली होती, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून टक्केवारी काढणे चुकीचे आहे. अनेक गावांनी या समावेशाला विरोध केला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला, कारण महापालिका आली की मालमत्ता कर आणि जमिनीवरची आरक्षणे लगेच येतात, पाणी आणि गटारे मात्र मागाहून येतात, हा अनुभव गावकऱ्यांच्या गाठीशी असतो.

या सर्वांत नवी मुंबई वेगळी, कारण येथे शासनाने माणसांच्या आधी पोहोचण्याचा प्रयत्न केला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात खाडीपलीकडे जोडशहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि ९५ गावांची जमीन संपादनाखाली आणली गेली. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला, पण शहर वीस वर्षे अपेक्षेएवढे भरले नाही, कारण मुंबईतील सरकारी कार्यालये पलीकडे गेली नाहीत आणि रेल्वेही नव्हती. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली आणि त्यानंतर वाढीने वेग घेतला. या नियोजनाची किंमत मूळच्या आगरी-कोळी गावांनी मोजली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली.

पुण्याची वाढ मुंबईच्या ओसरण्यातून झाली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे टेल्को, बजाज यांसारख्या वाहन उद्योगांभोवती सुट्या भागांच्या शेकडो लहान कारखान्यांची रांग उभी राहिली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. १९७१ मध्ये लाखाच्या आत असलेली ही वस्ती २००१ मध्ये १० लाख १२ हजारांची आणि २०११ मध्ये १७ लाख २८ हजारांची झाली, म्हणजे शेवटच्या दशकात तिने सुमारे ७० टक्क्यांची उडी घेतली. त्याच काळात पुणे महापालिकेची लोकसंख्या २५ लाख ३८ हजारांवरून ३१ लाख २४ हजारांवर गेली, म्हणजे २३ टक्क्यांनी वाढली. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील तरुणांच्या दृष्टीने मुंबईपेक्षा पुणे जवळचे झाले, ते आधी कारखान्यांमुळे, नंतर महाविद्यालयांमुळे आणि शेवटी संगणक उद्योगामुळे. हिंजवडीचे आयटी पार्क मात्र कोणत्याही महापालिकेत नव्हे, तर ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभे राहिले, आणि तेथील रस्ते, कचरा व सांडपाणी यांच्या तक्रारी नेमक्या कोणी ऐकायच्या हा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला. पुणे महापालिकेने १९९७ मध्ये गावे घेतली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेतली, आणि तिचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे जाऊन बृहन्मुंबईहून मोठे झाले. या गावांतील बहुमजली संकुले गावे पालिकेत येण्याच्या कितीतरी आधी भरून गेली होती, रस्त्यांच्या आखणीला मात्र नंतर सुरुवात झाली. या उलट्या क्रमाची दुरुस्ती पैशाने होत नाही, कारण रस्त्यासाठी मोकळी जागाच उरलेली नसते.

सोलापूरचा आकडा याहून वेगळ्या प्रकारे दिशाभूल करतो. १८७७ पासून कापड गिरण्यांवर वाढलेले हे शहर गिरण्या बंद पडल्यावर मंदावले, तरी १९९१ ते २००१ या दशकात त्याची लोकसंख्या ६ लाख ४ हजारांवरून ८ लाख ७२ हजारांवर गेलेली दिसते. ही ४४ टक्क्यांची वाढ समृद्धीची खूण नव्हती, तर १९९२ मध्ये शहराची हद्द अनेक पटींनी वाढवल्याचा परिणाम होता. पुढच्या दशकात हद्द स्थिर राहिली आणि वाढ ९ टक्क्यांवर आली, जी राज्याच्या एकूण १६ टक्क्यांच्या वाढीपेक्षाही कमी होती. सोलापूरचे तरुण पुण्याला जातात, हे सोलापुरात कोणालाही सांगावे लागत नाही. नाशिक त्याच दशकात ३८ टक्क्यांनी, नागपूर १७ टक्क्यांनी वाढले. १९६१ मध्ये लाखाच्या आत असलेले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर पोहोचले होते, आणि तेथेही वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगारांची मोठी वस्ती महापालिकेबाहेर ग्रामपंचायतींच्या हद्दीत वाढली.

या हद्दीबाहेरच्या वस्त्यांचे माप जनगणना शहरांच्या संख्येवरून काढता येते. महाराष्ट्रात अशी शहरे २००१ मध्ये १२७ होती, ती २०११ मध्ये पावणेतीनशेच्या वर गेली, तर वैधानिक शहरांच्या संख्येत त्या दशकात नाममात्र भर पडली. हे वर्गीकरण केवळ जनगणना खात्याचा अंतर्गत मामला नाही, हे पाण्याच्या मापावरून स्पष्ट होते: सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण धरले जाते, तर ग्रामीण भागासाठीच्या जल जीवन मिशनमध्ये ते ५५ लिटर आहे. रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत असेल, तर समोरासमोरच्या दोन इमारतींतील, सारख्याच पगाराच्या आणि सारख्याच कचेरीत जाणाऱ्या दोन कुटुंबांसाठी शासनाचा हिशेब असा वेगळा असतो. ग्रामपंचायतीकडे अग्निशमन दल नसते, नगररचना विभाग नसतो, भूमिगत गटारांचे जाळे उभारण्याएवढा पैसा नसतो. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे करून विकण्याची पद्धत, जिला गुंठेवारी म्हणतात, अशाच पट्ट्यांत फोफावली. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, आणि एक-दोन गुंठ्यांवर परवानगीशिवाय बांधलेल्या घरांना नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. २०२१ मध्ये त्याची मुदत पुढे वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना तो लागू केला गेला, यावरून मधल्या वीस वर्षांत ही पद्धत थांबली नव्हती हे उघड आहे.

संक्रमणात असलेल्या, म्हणजे गावपण सोडून शहरपणाकडे चाललेल्या ठिकाणांसाठी नगरपंचायत नेमावी, अशी तरतूद १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीतच आहे. महाराष्ट्राने तिचा मोठा वापर केला तो २०१४-१५ च्या सुमारास, जेव्हा तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायतींचा दर्जा देण्यात आला. हा निर्णय कारभाराच्या सोयीचा होता, पण त्यात एक उणीव राहिली: तालुक्याचे ठिकाण हे शहरपणाचे माप धरल्यामुळे गडचिरोलीतील लहान तालुकागावे शहर ठरली आणि मोठ्या महापालिकांना चिकटलेली, त्या तालुकागावांच्या अनेक पटींनी मोठी गावे ग्रामपंचायतीच राहिली. शिवाय पुढच्या जनगणनेत राज्याचे नागरी प्रमाण वाढलेले दिसेल, त्यात या निर्णयाचा वाटा किती आणि प्रत्यक्ष बदलाचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या वाढीचा अर्थ लावता येणार नाही.

२०२१ मध्ये होणारी जनगणना लांबली आणि आता तिचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा ठरला आहे. मोजणीच्या काळात गणनाक्षेत्रे बदलू नयेत म्हणून प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ रोजी जशा होत्या तशा गोठवण्यात आल्या आहेत, त्यामुळे त्या दिवशी महापालिकेत असलेले गाव शहर म्हणून आणि बाहेर असलेले गाव व्याख्येत बसले तरच शहर म्हणून मोजले जाईल. तोपर्यंत महापालिकांच्या प्रभागरचनेसाठी अधिकृत आधार २०११ चीच लोकसंख्या आहे.